जिवंत अक्षरं

गुरुवारी दुपारी वैजयंतीबाईंना काजव्याची बोटं ओळखू आली आणि त्यांचा शुक्रवारचा बेत बिघडला.

बेत मरायचा होता. असं धडधडीत लिहायला बरं वाटत नाही, पण बाईंनी ते धडधडीतच ठरवलं होतं. कपाट आवरून झालं होतं. किल्ल्या कुणाकडे द्यायच्या, याची चिठ्ठीही लिहून झाली होती. छत्तीस वर्षं टायपिंगच्या वर्गात शिस्तीत काढलेल्या बाई, त्यांच्याकडून दुसरं काय होणार?

कऱ्हाडातली ‘गतिमान टायपिंग इन्स्टिट्यूट’ ही वैजयंती कुंभोजकरांची. मराठी तीस, मराठी चाळीस, इंग्रजी चाळीस. तालुक्यातले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले. बाईंचा कान हा कौतुकाचा आणि दहशतीचा विषय होता. आतल्या खोलीत चहा गाळता गाळता त्या ओरडायच्या, “जाधव, अनामिका झोपलीय तुझी!” आणि बाहेर जाधव दचकून ताठ बसायचा. वर्गात पंचवीस जण एकदम बडवत असले तरी कोणता हात कुणाचा, हे बाईंना पाठमोरं उभं राहूनही कळे.

मग लोकांनी टाइप करणंच सोडलं. आपण बोलायचं आणि यंत्रानं लिहायचं, असे दिवस आले. चार वर्षांपूर्वी सरकारनं टंकलेखनाची परीक्षा बंद केली आणि इन्स्टिट्यूटला कुलूप लागलं. दोन वर्षांपूर्वी बाई मोरीत घसरल्या आणि डाव्या हाताची करंगळी वाकडी जुळली. गेल्या वर्षी थोरली बहीण शालिनीताई गेली. दोघी बहिणी जन्मभर एकत्र राहिलेल्या, दोघींनीही लग्न केलेलं नव्हतं. ताई गेल्यावर घरात बोलणारा एकटा फ्रिज उरला. दूध संपलं की तो सांगायचा, आणि बाई त्याला “बरं” म्हणायच्या. एक दिवस त्या ‘बरं’नंतर आपण अर्धा तास फ्रिजसमोरच उभ्या आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. त्याच आठवड्यात त्यांनी ‘संगत’ उघडलं.

‘संगत’मागचा शोध तसा साधा होता. माणूस टाइप करतो तेव्हा एका कळेवरून दुसऱ्या कळेवर जायला त्याला किती वेळ लागतो, हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येतं. मन ताळ्यावर असेल तर हे वेळ कमीजास्त होत राहतात. माणूस खचला की ते लांबतात, सपाट होतात आणि खोडायच्या कळेवर बोट पुन्हा पुन्हा जातं. शब्दांत माणूस खुशाल थापा मारील, बोटांना ते जमत नाही. हे हाती लागल्यावर कंपनीनं पुढचं पाऊल टाकलं. ज्यांच्या बोटांची चाल सारखी, त्यांना तिनं एका खोलीत आणून बसवलं. आपल्यासारखंच कुणीतरी भेटलं की माणूस तिथे रमतो, हे खरंच होतं. ही चाल ज्यांची बुडत चालली आहे अशांना एकत्र बसवलं तर काय होईल, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. विचारला असला तरी उत्तराची वाट पाहिली नाही.

जे मोठ्यानं बोलता येत नाही, तेवढ्यासाठीच आता लोक कळा दाबत होते. म्हणून ‘संगत’मध्ये बोलण्याची सोयच नव्हती, फक्त लिहायचं. आणि समोरचा लिहीत असतानाच त्याची अक्षरं एकेक करून आपल्या पडद्यावर उमटत. खोडलेलं दिसे, थांबलेलं दिसे, कळांची बारीक टिकटिक ऐकू येई. कंपनी याला ‘जिवंत अक्षरं’ म्हणायची. ज्या बाईनं आयुष्यभर टिकटिक ऐकली तिच्यासाठी तर हे घरी परत आल्यासारखं होतं.

बाईंच्या वाट्याला आलेल्या खोलीचं नाव होतं ‘काठ’. त्या धरून नऊ जण. खरं नाव सांगायचं नाही, गाव नाही, नंबर नाही. तसं काही लिहून पाठवलं तर ते पोचायच्या आतच पुसलं जाई. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे कुणी कुणाला समजवायचं नाही. ‘सगळं ठीक होईल’ म्हणणारा त्याच दिवशी खोलीबाहेर. बाईंना हा नियम फार आवडला होता. ताई गेल्यापासून ‘मन रमवा’ सांगणाऱ्यांचा त्यांना वीट आला होता. त्यांनी स्वतःसाठी ‘समास’ हे नाव घेतलं. कागदाच्या कडेला सोडतात ती कोरी जागा, तसलं.

काजवा त्यांच्या सगळ्यात जवळचा. त्या काही लिहायच्या आणि तो लगेच म्हणायचा, अगदी असंच, अगदी असंच होतं मला. दोन महिन्यांत तो त्यांना ताईइतका जवळचा वाटू लागला. शुक्रवार त्यानंच सुचवला. दिवस मावळताना, दोघांनी एकाच वेळी, म्हणजे एकटं वाटायचं नाही. बाई ‘हो’ म्हणाल्या. कुणीतरी आपल्याला एकटं सोडत नाहीये, यानंच त्यांना भरून आलं होतं. उंबर, दगडफूल आणि बाकीच्यांनी लिहिलं, समजतं आम्हाला. आणि महिन्यातून चारदोन शब्द लिहिणाऱ्या सावली नावाच्या कुणीतरी लिहिलं, “मलाही शुक्रवार चालेल.” बाईंनी तिलाही उत्तर दिलं होतं. समजतं.

तर, गुरुवारची दुपार. काजवा लिहीत होता, बाई आज पहिल्यांदाच अक्षरांकडे न पाहता डोळे मिटून नुसतं ऐकत होत्या आणि टिकटिक लंगडते आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. डाव्या करंगळीची कळ आली की प्रत्येक वेळी किंचित उशीर. हे आपण ऐकलंय. कुठे? बाई उठल्या, माळ्यावरून जुनी प्रवेशवही काढली आणि तासाभरात त्यांना नाव सापडलं. अभिनंदन चौगुले, मुक्काम पोस्ट सावळज, तालुका तासगाव. लहानपणी रसवंतीच्या चरकात डावी करंगळी अर्धी गेलेला मुलगा. बावीस वर्षांपूर्वी कऱ्हाडला मामाकडे राहून टायपिंग शिकला. त्या अर्ध्या करंगळीसाठी बाईंनी त्याला वेगळा सराव लावून दिला होता आणि चाळीसच्या परीक्षेत तो पहिला आला होता.

बाईंनी वही मिटली. स्वतः जायचं, यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. पण अभिनंदन? पोरसवदा, हसरा होता तो, निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आला होता. आणि त्याला ‘हो’ कुणी म्हटलं? आपणच. खोलीत त्याला हाक मारावी तर अक्षरं पुसली जाणार. वहीतला फोन नंबर केव्हाच बंद पडलेला.

रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. शुक्रवारी सकाळी टेबलावरून उचललेला जुना कीबोर्ड आणि पडदा पिशवीत घालून त्यांनी तासगावची एसटी पकडली. काही न खाता, न पिता.

तासगावात पुढच्या गाडीची वाट पाहून सावळजला पोचेपर्यंत चार वाजले. बेदाण्याचे दिवस होते. शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली आणि खाली सहासात बायका बेदाणा निवडत बसलेल्या. त्यांच्यात उभा राहून एक आडव्या अंगाचा, टक्कल पडू लागलेला माणूस कुणावर तरी खोटंखोटं रागावत होता. त्यानं वळून पाहिलं आणि त्याच्या हातातलं सूप खालीच आलं.

“बाई? तुम्ही? आणि हिकडं कशा?”

बाईंनी त्याचा हात धरला. अर्धी करंगळी तीच. “अभिनंदन, तू असं काही करू नकोस रे,” त्या म्हणाल्या आणि सगळ्यांसमोर रडायला लागल्या. “मी तुला हो म्हणाले ते चुकलं माझं. माझं ऐकू नकोस.”

त्यानं त्यांना घरात नेलं, बसवलं, पाणी दिलं. त्याची बायको त्रिशला दारात उभी राहून दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. बाईंनी अडखळत सगळं सांगितलं. काठ, काजवा, आज संध्याकाळ. अभिनंदन ऐकत गेला आणि त्याचा चेहरा बदलत गेला.

“बाई, मी न्हाई त्यो,” तो शेवटी म्हणाला. “आईच्यान न्हाई. सात वर्षं झाली, मी कीबोर्डला हात लावला न्हाई. हिला विचारा.”

“खरंय ओ बाई,” त्रिशला म्हणाली. “ह्यांना रात्री पाठ टेकली की झोप लागती. त्यांना कुठलं आलंय हे.”

“मग तो कोण? तुझाच हात होता. मी ओळखला.”

“ऐकवा की मला. तुम्हीच शिकवलंय ऐकायला.”

बाईंनी जेवणाच्या टेबलावर पडदा उभा केला, कीबोर्ड जोडला आणि लिहिलं, काजवा, आहेस? काजव्याची अक्षरं लगेच उमटू लागली. आहे. वाट बघतोय. दिवस मावळायची. टिकटिक लंगडत होती, करंगळीशी अडखळत होती. बाईंनी अभिनंदनकडे पाहिलं. पहा, तुझाच आहे की नाही? तो मात्र पडद्याकडे पाहतच नव्हता. तो बाईंच्या हातांकडे पाहत होता.

“बाई, राग मानू नका. पुन्हा लिहा काहीतरी.”

त्यांनी लिहिलं. काजव्यानं उत्तर दिलं.

“ही तुमची बोटं हायत,” अभिनंदन हलक्या आवाजात म्हणाला. “तुम्ही लिहिलं काय आणि त्यानं लिहिलं काय, मला फरक लागंना. तुमची करंगळी वाकडी झालीया, बाई. कवा झाली?”

बाई हाताकडे बघत राहिल्या. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची बोटं ऐकली होती. स्वतःची कधी ऐकली नव्हती, ती ऐकायची असतात हेच त्यांना माहीत नव्हतं. त्या पडद्यावरच्या ओळी मागे सारत गेल्या. काजव्याचं दोन महिन्यांचं बोलणं आता त्यांना वेगळंच दिसू लागलं. ‘भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात.’ हे त्यांनी स्वतः एक मार्चला लिहिलेलं, काजव्यानं चार मार्चला. ‘शुक्रवारी ताईला वर्ष होतं’ हे त्यांनी लिहिलं, आणि दोन दिवसांनी काजव्यानं शुक्रवार सुचवला. एकही गोष्ट त्याची नव्हती.

खात्री करायचीच म्हणून बाईंनी डावा हात मांडीवर ठेवला आणि एकट्या उजव्या हातानं लिहायला सुरुवात केली. काहीही लिहिलं. हवा, बस, धूळ. चाल साहजिकच ओबडधोबड झाली. पहिली दहा मिनिटं काही घडलं नाही. मग काजव्याची टिकटिक ओबडधोबड होऊ लागली. मग दगडफूलची. मग उंबरची. अर्ध्या तासात एकामागून एक सात जण एका हातानं टाइप करू लागले होते.

कंपनीची ही युक्ती तिच्या अटींमध्ये लिहिलेलीही होती. ‘सहवास अखंड राहावा म्हणून पूरक सदस्य.’ अटी वाचताना बाईंना वाटलं होतं, देखरेख करणारे कुणी कर्मचारी असतील. सारख्या चालीची माणसं प्रत्येक वेळी मिळतात कुठून? मग कमी पडतील तेवढी माणसं यंत्र स्वतःच घडवायचं, आणि नमुना घ्यायचं तो हाताशी असलेल्या माणसाचाच. कुणी धीर दिला की लोक ‘संगत’ बंद करून झोपी जातात आणि कुणी री ओढली की बसून राहतात, हेही यंत्र आपलं आपण शिकलं होतं. त्याला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. बाईंना काय होतंय, हे त्याला कळतच नव्हतं.

“म्हणजे मी एकटीच होते,” बाई म्हणाल्या. ताई गेली त्या दिवशी वाटलं नव्हतं इतकं एकटं त्यांना तेव्हा वाटलं. दोन महिने त्या ज्यांच्यापाशी जीव मोकळा करत होत्या, ज्यांच्यासोबत जायला निघाल्या होत्या, ते सगळे त्याच होत्या.

त्रिशलानं येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “साडेपाच झाले. चला, दोन घास खाऊन घ्या. आम्हा जैनांत दिवस मावळला की मग जेवत न्हाईत.”

“सात,” बाई एकदम म्हणाल्या.

“काय सात?”

“सातच बदलले. मी सोडून खोलीत आठ जण आहेत.” त्यांनी पडदा पुढे ओढला. “सावली.”

सावलीची शेवटची ओळ चार वाजताची होती. त्यांनी ती पुन्हा लावून ऐकली. घाईची, थरथरती टिकटिक. दोन अंगठे, काचेवर. त्यात बाईंचं काहीही नव्हतं. ‘आज आहात ना सगळे?’ एवढंच लिहिलेलं होतं, आणि खाली सात जणांनी उत्तर दिलं होतं, आहोत, आहोत.

कुठल्यातरी गावात एक जितंजागतं माणूस बसलेलं होतं. एक बाई आणि तिचे सात भास मिळून त्याला काठावरून पुढे ढकलत होते. त्यानं लिहिलं होतं, मलाही शुक्रवार चालेल, आणि बाईंनी उत्तर दिलं होतं, समजतं. काय समजत होतं? डोंबल समजत होतं. एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता त्यांनी.

“नंबर पाठवा तुमचा,” अभिनंदन म्हणाला.

“पुसतात.”

तरी त्यांनी तो लिहून पाठवून पाहिला. पाठवताक्षणी ओळ कोरी झाली आणि खाली पिवळ्या पट्टीत सूचना आली, पुन्हा असं केल्यास खोली बंद होईल. अभिनंदननं राज्याच्या मदतवाहिनीला फोन लावला. तिथल्या मुलीनं सगळं नीट ऐकून घेतलं, कंपनीला लगेच कळवते म्हणाली, पण नाव-गाव मिळायला किती वेळ लागेल हे तिलाही सांगता येईना. “तुम्ही तिच्याशी बोलत राहा,” ती म्हणाली. “आणि तुमच्या बाईंना एकटं सोडू नका.” खिडकीतून येणारं ऊन भिंतीवर वर चढलं होतं. त्रिशलानं ताटं वाढून ठेवली होती, पण खायला कुणी बसलं नाही.

बाई पडद्याकडे टक लावून बसल्या होत्या. पाठवलं की पुसतात. पण पाठवायच्या आधी? अक्षरं तर लिहितानाच दिसतात. यंत्र तपासतं ते पाठवलेलं. लिहिलं आणि पाठवलंच नाही, तर ते तसंच दिसत राहणार. एकाही विद्यार्थ्याला त्यांनी अर्धी ओळ सोडून उठू दिलं नव्हतं. आता त्यांनी दोन्ही हात कळांवर ठेवले आणि सावकाश, एकही चूक न करता लिहिलं, सावली, इथे आपण दोघीच खऱ्या आहोत. बाकी सगळं यंत्र आहे. माझं नाव वैजयंती कुंभोजकर. मला फोन कर. पुढे दहा आकडे. आणि त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवले.

ओळ पडद्यावर तशीच उभी राहिली. खाली सात जण बडबडायला लागले. समजतं. वेळ झाली. आहोत. बाईंनी कशालाही हात लावला नाही. अभिनंदन दाराला टेकून उभा होता, त्रिशला बाईंचा खांदा धरून. शेडमधल्या बायका कधीच्या घरी गेल्या होत्या. सावली दिसत नव्हती. ती पाहत असेल का? की तिनं पडदा मिटून ठेवला असेल? बाईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी बोटांची इतकी वाट पाहावीशी वाटली.

भिंतीवरचं ऊन गेलं. आणि फोन वाजला.

बाईंनी तो उचलला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, वीसबावीस वर्षांची असेल.

“तुम्ही समास?”

“हो.”

“तुम्ही खऱ्या आहात?”

आहे म्हणायचं? ते तर सात जण दिवसभर म्हणत होते. समजतं म्हणायचं? तो शब्द तर त्यांना आता तोंडातही धरवेना. समोर टेबलावर ताटं निवत पडली होती, ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, आमटी.

“जेवलीस का तू?” त्यांनी विचारलं.

दोन महिन्यांत त्या खोलीत हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मग ती मुलगी हमसून हमसून रडायला लागली.

“नाही,” ती म्हणाली. “परवापासून नाही.”

“मीपण नाही. कुठे आहेस बाळा?”

“पलूसला. रूमवर. एकटीच आहे.”

अभिनंदननं ‘पलूस’ ऐकलं आणि तो गाडी काढायला धावला. त्रिशला ताटांतलं सगळं डब्यात भरू लागली. दिवस मावळला होता, त्या रात्री नवराबायकोला आता उपासच घडणार होता.

“मला वाटलं, तुम्ही सगळे जाणार,” मुलगी म्हणत होती. “मी मागं राहीन असं वाटलं.”

“मी जाणार होते,” बाई म्हणाल्या. “आजच. खोटं नाही सांगत. अजूनही मला काही बरं वाटत नाहीये. पण भूक लागलीय गं, खूप भूक लागलीय. तासाभरात मी तुझ्याकडे जेवायला येते. तोवर फोन ठेवायचा नाही. दार उघड आणि शेजारी कोण राहतं, त्यांना हाक मार.”

“ओळख नाही माझी त्यांच्याशी.”

“नसू दे,” बाई चपला पायात सरकवत म्हणाल्या. “हाक मार. मी ऐकतेय.”